भिंतीवरचा कागदी टीव्ही

ऑगस्टमध्ये माझी भिशी लागली. आम्ही १२ जणी, महिन्याला ३,०००, म्हणजे हातात रोख ३६,०००. त्यात पिको-फॉलच्या डब्यातले ४,००० घातले की झाले ४०,०००. मशीनवर बसून कमावलेले पैसे, त्यामुळे घरात कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. जेवताना सांगून टाकलं, मोठा टीव्ही घ्यायचाय. आमचे हे भाताची मूद फोडत म्हणाले, "आहे तो काय वाईट आहे?"

आहे तो वाईट नव्हता. ३२ इंची, नऊ वर्षं इमानेइतबारे चाललेला. पण आईंच्या (म्हणजे माझ्या सासूबाईंच्या) दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही बातम्यांखालून सरकणारी पट्टी त्यांना वाचता येत नव्हती. दिवसातून दहा वेळा "अगं, ते खाली काय लिहिलंय?" आणि मी कटोरी ब्लाऊजच्या टोकावर शिलाई मारत असताना मान वर करून ती पट्टी वाचायची. ती तोवर पुढे निघून जायची. मग दोघी पुढच्या फेरीची वाट बघणार. त्या नादात एका बाईची उजवी बाही मी डाव्या बाजूला लावून ठेवली होती, तेव्हा ठरवलं की आता पुरे.

नाशिकच्या सिडकोतली घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना आमचा हॉल वेगळा सांगायला नको. दहा बाय बारा. एका भिंतीला टीव्ही, समोर सोफा, बाजूच्या भिंतीला आईंचा दिवाण, आणि दुसऱ्या बाजूला खिडकीखाली माझं मशीन, कारण दोरा ओवायला उजेड लागतो. ही रचना लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं अडलं.

मुलगा पॉलिटेक्निकला आहे. त्याचं म्हणणं थेट ६५ इंची. ह्यांचं म्हणणं ४३ पुरे. मी म्हटलं, भांडू नका, आपण आधी बेतून बघू. शिवणाऱ्या बाईला न बेतता कापड कापायला सांगितलं तर हात थरथरतो. रद्दीतला 'देशदूत' काढला, पानं चिकटवली आणि तीन टीव्ही कापले.

टीव्हीचे इंच तिरके मोजतात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आम्ही ज्याला उरेब म्हणतो तसं. त्यामुळे ५५ इंच ऐकून डोळ्यांसमोर जे येतं त्यापेक्षा प्रत्यक्ष माप वेगळं निघतं. ५५ इंचीचा पडदा साधारण ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच. ४३ इंचीचा साडेसदतीस बाय एकवीस. ६५ इंचीचा जवळजवळ ५७ बाय ३२. पण खरी गंमत क्षेत्रफळात आहे. ४३ आणि ५५ मध्ये फरक म्हणायला १२ इंचांचा, पण ५५ चा कागद ४३ च्या दीडपटीहूनही मोठा झाला. आमच्या ३२ इंचीचा कागद त्याच्या शेजारी धरला तर तो जवळपास तीनदा मावला असता. कापड घेताना पन्हा बदलला की मीटरचा हिशेब कसा पार बदलतो, तसंच हे.

तिन्ही कागद दोन-दोन दिवस भिंतीवर चिकटवून ठेवले. ६५ इंचीने पहिल्याच संध्याकाळी देवघराचं अर्धं दार झाकलं, त्यामुळे आईंनी त्याला तिथेच निकालात काढलं. ४३ इंची चांगला दिसत होता, पण दिवाणावरून त्यावरची बातमीची मथळ्याची ओळही आईंना अंदाजानेच वाचता येत होती. ५५ चा कागद बसला. सोफ्यापासून भिंत आठ फूट. फोर-के, म्हणजे खूप जास्त बारीक ठिपक्यांच्या टीव्हीसाठी तिरक्या मापाच्या दीडपट अंतर पुरतं असं धरलं तर ५५ इंचीला सात फुटांच्या आसपास येतं. म्हणजे आमचा हॉल लहान असूनही टीव्ही डोक्यावर येणार नव्हता. कामावरून आलेले हे कागदाकडे बघून म्हणाले, "भिंतीला ब्लाऊज शिवतेस का आता?" पण रात्री सोफ्यावर बसून तेही बराच वेळ त्या कोऱ्या टीव्हीकडे बघत होते, मी पाहिलं.

गणपतीत एकदा कॉलेज रोडच्या एका शोरूममध्ये चक्कर मारली. एक ५५ इंची पसंत पडण्यासारखा होता, भाव ४०,९९०. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, ऑफर आजपुरतीच आहे." आजपुरती ऑफर ही काय चीज असते ते मला माहीत आहे, मेन रोडवर साड्यांच्या सेलला पंचवीस वर्षं जातेय. आणि तेव्हा जीएसटी कमी होणार अशी चर्चाही होती. घरी आले. ३ सप्टेंबर २०२५ ला निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून, म्हणजे बरोबर घटस्थापनेला, ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. ३२ इंचांपर्यंतच्यांना आधीपासून १८ च होता, त्यामुळे लहान टीव्ही घेणाऱ्यांना यात काही मिळालं नाही. आमचा मात्र हिशेब सरळ होता. मूळ किंमत ३२,००० च्या आसपास, त्यावर २८ टक्के म्हणजे ४०,९९०, आणि १८ टक्के म्हणजे ३७,८०० च्या आत. तीन हजार दोनशे वाचले. काही न करता, नुसतं गप्प बसून. ब्लाऊजच्या शिलाईत हा आकडा किती होतो ते माझं मला माहीत.

नवरात्रात माझ्याकडे मान वर करायला फुरसत नसते. नऊ दिवसांचे नऊ रंग निघाल्यापासून प्रत्येकीला प्रत्येक रंगाचा ब्लाऊज हवा असतो. तरी चौथ्या माळेला दुपारी सिटीलिंकची बस पकडून मुलाला घेऊन निघालेच. पिशवीत दोन गोष्टी घेतल्या होत्या. एक पेनड्राइव्ह आणि एक ब्लाऊज.

पेनड्राइव्हवर भाचीच्या हळदीचा व्हिडिओ होता, मुलानेच मोबाईलवर काढलेला. त्यात मी माझी येवल्याची पैठणी नेसलेय, राणी रंगाची. आणि पिशवीतला ब्लाऊज त्याच पैठणीचा. दुकानांतल्या टीव्हींवर कायम एकच चित्रफीत फिरत असते. पोपट, कापलेलं कलिंगड, समुद्राची लाट. ते पोपट मी आयुष्यात पाहिलेले नाहीत, मग त्यांचा हिरवा खरा की खोटा हे मला कसं कळणार? पण माझ्या पैठणीचा राणी रंग मला झोपेतही ओळखता येतो. साडीच्या दुकानात आपण काय करतो? ट्यूबलाइटखाली रंग आवडला तरी पदर धरून दारापर्यंत जातो आणि उन्हात बघतो. ५५ इंची टीव्ही दारापर्यंत नेता येत नाही, म्हणून ब्लाऊज टीव्हीपर्यंत नेला.

मुलगा आधी लाजला. "मम्मी, काय करतेयस?" म्हणाला आणि वॉशिंग मशीनच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मी ब्लाऊज पडद्याच्या कडेला धरला. पहिल्या टीव्हीवर माझी साडी चक्क लाल दिसत होती आणि भाचीच्या अंगाची हळद केशरी. विकणाऱ्या मुलाला म्हटलं, चित्राचं सेटिंग बदलून दाखव. तेव्हा कळलं की दुकानातले सगळे टीव्ही 'व्हिव्हिड' नावाच्या सेटिंगवर ठेवलेले असतात. उजेड आणि रंग दोन्ही पार वर चढवलेले, म्हणजे शेजारच्या टीव्हीपेक्षा हा उठून दिसावा. त्याने 'सिनेमा' केलं आणि पैठणी बरीच राणी रंगावर आली. त्यावेळी वाटलं की जरा मंद झालं चित्र, पण दोन मिनिटांनी डोळ्यांना तेच बरं वाटायला लागलं. चार टीव्हींवर हे केलं. दोन ठिकाणी सेटिंग बदलूनही रंग आलाच नाही.

मग त्या मुलाने आपलं आवडतं रत्न दाखवलं, क्यूएलईडी. भाव आमच्या आवाक्यातला, ३८,०००. काळा अगदी काजळासारखा काळा. सिनेमा सेटिंगवर पैठणीचा रंग ब्लाऊजशी तंतोतंत. मी जवळजवळ हो म्हणणार होते. जाता-जाता, सवयीने, बाजूला सरकून बघितलं. आरशासमोर ब्लाऊज घातलेल्या बाईला मी नेहमी म्हणते, आता जरा वळा, बाजूने बघू दे. समोरून सगळेच ब्लाऊज बरे दिसतात. तर बाजूने बघितलं आणि पैठणीचा राणी रंग उडून फिका गुलाबी झालेला. भाचीच्या चेहऱ्यावर पीठ लावल्यासारखं. दोन पावलं समोर आले की पुन्हा छान. पुन्हा बाजूला, पुन्हा पीठ.

पैठणीत याला धूपछाव म्हणतात. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे वळलं की रंग बदलतो, आणि त्याचे आपण पैसे मोजतो. टीव्हीत हा दोष आहे. आणि तिथे उभ्या-उभ्या माझ्या डोळ्यांसमोर आमचा हॉल आला. आमच्याकडे टीव्हीच्या बरोबर समोर बसतं कोण? हे, रात्री जेमतेम दीड तास, त्यातला अर्धा तास घोरत. दिवसभर टीव्ही बघणाऱ्या आई दिवाणावर डाव्या अंगाला, आणि नुसतं ऐकणारी, मधूनच बघणारी मी उजव्या अंगाला खिडकीखाली. ज्यांच्यासाठी टीव्ही घ्यायचा त्या दोघीही तिरप्या.

"समोरून बघा ना काकू," तो मुलगा म्हणाला.

"समोर बसायला जागा करून देतोस का आमच्या घरात?" मी म्हटलं. वॉशिंग मशीनच्या रांगेतून माझं पोरगं हसलं आणि परत आलं.

मग माझ्या मुलाने मोबाईलवर शोधून मला समजावलं, आणि हे त्याने खरंच नीट सांगितलं. एलईडी टीव्हीत मागे दिवे आणि पुढे द्रवस्फटिकांचा थर असतो. तो थर ढोबळमानाने दोन प्रकारचा. व्हीए पॅनलमध्ये ते स्फटिक उभे राहून मागचा उजेड चांगला अडवतात, म्हणून काळा गडद दिसतो. उजळ आणि काळ्यातला फरक तीन हजारांस एक किंवा त्याहून जास्त. पण कडेने बघितलं की उजेड पाझरतो आणि रंग फिके पडतात. आयपीएस पॅनलमध्ये तोच फरक हजारास एकच्या आसपास, म्हणजे अंधारात काळा जरा राखाडी दिसणार, पण बाजूने बघितलं तरी रंग टिकतो. क्यूएलईडी हा यातला तिसरा प्रकार नाही. मागच्या दिव्यांवर रंग शुद्ध करणारा एक थर घातलेला असतो, पुढचं पॅनल व्हीएही असू शकतं, आयपीएसही. नाव ऐकून ओएलईडीचा भाऊ वाटतो, पण ओएलईडीत मागे दिवेच नसतात, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. तो बाजूनेही सुंदर दिसतो आणि लाखाच्या घरात जातो. त्याच्यापुढे मी दोन मिनिटं नुसती उभी राहिले, पैठणीच्या शोरूममध्ये राहतात तशी.

पॅनल कोणतं हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. दुकानातल्यांनाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं, आणि एकाच मॉडेलच्या ५० आणि ५५ इंचीत वेगवेगळं पॅनल असू शकतं. तेव्हा कडेला जाऊन बघणं हाच खात्रीचा उपाय. मी सगळी रांग कडेने चालत गेले. शेवटून दुसरा एक साधा ५५ इंची होता, नावात कुठे क्यू नाही, ओ नाही. कडेने बघितला, राणी रंग राणीच राहिला. गंमत म्हणजे गणपतीत बघितलेला ४०,९९० वाला तो हाच. आता ३७,७९०.

अंधारात काळा राखाडी दिसेल, मुलाने बजावलं. माझ्या घरात रात्री अकरापर्यंत मशीनवरचा दिवा जळतो. अंधार करून टीव्ही बघायची चैन आम्ही कधी केली आहे?

बाकीच्या गोष्टींवर मी फार डोकं घातलं नाही, ते खातं मुलाकडे. दोन जीबी रॅम आणि सोळा जीबी जागा तरी हवीच, आठवाला लवकर कुथायला लागतो असं त्याचं मत. वायफाय पाच गिगाहर्ट्झवर चाललं पाहिजे. १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणाऱ्या पडद्याचा त्याचा हट्ट होता, पण खोक्यावरच्या 'मोशन' नावाच्या आकड्यामागे पॅनल ६० हर्ट्झचंच निघालं आणि खऱ्या १२० चे भाव आमच्या बाहेर. एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद दोन्ही भाग खुलवणारं चित्र, हे सगळ्याच खोक्यांवर लिहिलेलं असतं. त्यासाठी जो लखलखीत उजेड लागतो तो या किमतीत मिळत नाही, एवढं समजून घेतलं आणि सोडून दिलं.

भावाची घासाघीस माझी. ऑनलाइन तोच टीव्ही दोन हजारांनी कमी होता, ते दाखवलं. नो कॉस्ट ईएमआय घ्या म्हणाले. त्यावर प्रोसेसिंग फी आणि शिवाय रोखीची सूट गेली, मग फुकट कसलं? रोख देते, बोला. ३६,५०० वर तुटलं, घरपोच आणि बसवून. दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, टीव्ही घरी आला. मशीनला, कात्रीला आणि टेपला झेंडूचं फूल वाहिलं होतंच, एक टीव्हीला वाहिलं.

बसवून देणार म्हणजे भिंतीचा स्टँड आपला, हे बोलणं झालं तेव्हा कोणी बोललं नव्हतं. ९०० रुपये गेले. बसवणाऱ्याने टीव्ही सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा चांगला दीड फूट वर लावायला घेतला, सगळे असाच लावतात म्हणाला. मी कागद दाखवला. भिंतीवर त्याच्या पेन्सिलच्या खुणा होत्याच. तिथेच लावला.

आणि संध्याकाळी सात वाजता आईंची मालिका लागली. सगळे समोर बसलेले, मी मुद्दाम मशीन बंद करून आलेली. चित्र धुरकट! माणसांच्या चेहऱ्यावर जाळी बसल्यासारखी. आई काही बोलल्या नाहीत, पण चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला, आणि मग माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर परवडलं असतं. "एवढे पैसे घालून धुकं आणलं," हे ह्यांनी म्हटलं.

दोष टीव्हीचा नव्हता. आमचा सेट टॉप बॉक्स जुना, साधा, पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीचा. साध्या प्रक्षेपणात चित्राचे ठिपके जेमतेम चार लाख. फोर-के पडद्याचे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८३ लाखांच्या जवळ. एका ठिपक्याला वीस ठिपक्यांची जागा भरायची. पाऊण मीटर कापडात नऊवारीचा घेर काढायला सांगितल्यासारखं. ३२ इंचीवर ते खपून जात होतं, ५५ वर उघडं पडलं. १,३०० रुपये देऊन एचडी बॉक्स घेतला, मराठी वाहिन्यांचे एचडी पर्याय घेतले, महिन्याचं पॅकेज थोडं वाढलं. एचडीत ठिपके वीस लाखांच्या वर जातात, फोर-के नसलं तरी चेहऱ्यावरची जाळी गेली. हे दुकानात कोणीही सांगत नाही, कारण दुकानात पोपट असतात.

आवाजाचंही तसंच. इतके पातळ टीव्ही, त्यात स्पीकर मावणार कुठे? ते खाली तोंड करून बसवलेले. आईंना नट ओठ हलवताना छान दिसायचे, ऐकू काही यायचं नाही. साउंडबारला पैसे नव्हते. पोटमाळ्यावर जुना होम थिएटर होता, पण त्याच्या वायरी साध्या आणि टीव्हीला फक्त ऑप्टिकलचं, म्हणजे उजेडातून आवाज नेणाऱ्या तारेचं भोक. मुलाने एम. जी. रोडवरून ५५० रुपयांची एक डबी आणली, तिने दोघांचं लग्न लावून दिलं.

एकूण ३९,२५०. उरलेल्या ७५० ची रविवारी सगळ्यांना मिसळ.

आता खोट सांगते. रात्रीचे प्रसंग असलेल्या सिनेमात काळं कधीच काळं होत नाही, धुतलेल्या काळ्या पेटीकोटसारखं दिसतं. ह्यांना ते खुपतं. ह्यांच्या सोफ्यावरून तो क्यूएलईडी नक्कीच भारी दिसला असता, हे मीही मान्य करते. आणखी एक म्हणजे पहिल्या आठवड्यात मालिका विचित्र गुळगुळीत दिसायच्या, जणू शेजारच्या खोलीत कोणी नाटक करतंय. टीव्ही दोन चित्रांच्या मधल्या जागी स्वतःची चित्रं घुसवत होता. ते सेटिंग बंद केल्यावर माणसं पुन्हा माणसांसारखी चालायला लागली.

२ नोव्हेंबरला महिला विश्वचषकाची फायनल होती, नवी मुंबईत. पावसाने उशिरा सुरू झाली आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपली. दिवाळीनंतरची लग्नांची कामं होती, मी मशीनवरच होते. आई एरवी नऊला झोपतात, त्या दिवशी दिवाणावर उशी पाठीशी घेऊन जाग्या. मी मान वर न करता विचारलं, "आई, किती झाले?"

"दोनशे सेहेचाळीसवर सगळ्या आऊट. बावन्न रननी जिंकलो," आई म्हणाल्या. आणि लगेच, "त्या मागच्या बाईचा ब्लाऊज बघ, खांद्यातून उतरलाय."

जुना ३२ इंची माझ्याकडे काजं-बटणं करायला येणाऱ्या मुलीच्या घरी गेला. आणि ५५ चा तो कागदी टीव्ही मी घडी घालून मापांच्या वहीत ठेवला होता, तर मागच्या आठवड्यात शेजारची वहिनी मागून घेऊन गेली. काल डोकावले तर त्यांच्या भिंतीवर चिकटवलेला आणि सासरेबुवा खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसलेले. मी त्यांना म्हटलं, काका, तिथून उठा, तुमच्या नेहमीच्या जागेवर जाऊन बघा.